फेतिनियाचे घर, द्राक्षमळा आणि कुंपण

मी, फेतिनिया प्रोकोफ्येव्ना झारिकोवा, वय वर्षे पंचाहत्तर, कै. रेफुहियो सालसेदो यांची पत्नी, धंदा शेती व घरकाम, राहणार ग्वादालूपे खोरे, बाहा कालिफोर्निया, मेक्सिको, आज आपखुशीने हे लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे, कान थोडे गेले आहेत, हाताला कंप नाही. मला कोणी दटावलेले नाही की गोड बोलून इथे आणून बसवलेले नाही. नोटरीसाहेब समोर बसून लिहून घेत आहेत आणि मधूनमधून "बाई, एवढं लिहायची गरज नाही" असे म्हणत आहेत. गरज आहे.

मजकूर स्पॅनिशमध्ये सांगते आहे. रशियन मला येते, पण ती स्वयंपाकाची, प्रार्थनेची आणि रागावण्याची. मृत्युपत्राला त्या भाषेत काय म्हणतात हे मला माहीत नाही. चार वर्षांपूर्वी मॉस्कोहून एक विदुषी आमच्याकडे आल्या होत्या. मी बोलू लागले तशा त्या रडायलाच लागल्या. म्हणाल्या, त्यांची पणजी असे बोलत असे. मी त्यांना पाव वाढला.

कलम १. घर. पूर्वेस सरकारी रस्ता, पश्चिमेस माझा द्राक्षमळा, दक्षिणेस कोरडा ओढा, उत्तरेस तिमोफेइ कोर्नेयेविच शुबिन यांचे शेत, येणेप्रमाणे चतुःसीमा असलेले मातीच्या विटांचे राहते घर माझा मुलगा आंद्रेस व सून रोसारियो यांस समान हिश्शाने मिळावे. हे घर माझे वडील प्रोकोफेइ यांनी एकोणीसशे अकरा साली बांधले. छपराला त्यांनी तीव्र उतार दिला, बर्फ घसरून खाली पडावे म्हणून. लहानपणी रशियात त्यांनी पाहिलेल्या सगळ्या घरांना तसाच उतार होता. इथे बर्फ साचलेले मी आजवर पाहिलेले नाही. तरी छप्पर बदलू नये. पोटमाळ्यावर कांदे चांगले टिकतात.

कलम २. स्वयंपाकघर आणि अंगणातली पावाची भट्टी मात्र एकट्या रोसारियोची. त्यात आंद्रेसचा काही संबंध नाही. सोबत शेवयांचे लाटणे, लांब सुरी, पिठाची परात व कढया. रोसारियो या घरात आली त्या पहिल्या आठवड्यात तिने माझ्या शेवयांच्या रश्शात हिरवी मिरची चिरून टाकली. मी नऊ दिवस तिच्याशी बोलले नाही. दहाव्या दिवशी मला सर्दी झाली होती आणि तिने तोच रस्सा वाटीत आणून ठेवला. आता मिरचीशिवाय मला तो गिळवत नाही. हे मी तिला आजवर सांगितले नव्हते, ते इथे लिहून घ्यावे. माझ्या मुलीपेक्षा तिच्या शेवया बारीक होतात, हेही लिहून घ्यावे.

कलम ३. द्राक्षमळा, अकरा हेक्टर, विहिरीसह आंद्रेसला. रशियातून येऊन इथे वसलेल्या आमच्या पंथात दारू चालत नाही, डुकराचे मांस चालत नाही, क्रूस आणि मूर्ती चालत नाहीत. वडिलांनी द्राक्षे लावली ती खाण्यासाठी आणि विकण्यासाठी. घेणारे त्याचे पुढे काय करतात हे त्यांनी कधी विचारले नाही. आंद्रेस स्वतःच वाइन करतो. बाटलीवर त्याने आजोबांचा फोटो छापला तेव्हा मी फोटो काढायला लावला, कारण त्या माणसाने जन्मात थेंब घेतला नव्हता. आंद्रेसने एका शब्दाने उलट उत्तर दिले नाही, सगळ्या बाटल्यांवरचे कागद पाण्यात भिजवून काढले. मी वाइनला मान्यता देत नाही. मळा आंद्रेसला देते, कारण वेलींना त्याच्याइतके कोणी जपत नाही.

कलम ४. वाफेचे न्हाणघरही आंद्रेसला, एका अटीवर: दर शनिवारी ते तापलेच पाहिजे, आणि शेजारपाजारचे कोणीही टॉवेल घेऊन आले तर त्याला परत पाठवू नये. माझे पती, ज्यांना सगळे कुको म्हणत, लग्नानंतर प्रथम त्यात गेले तेव्हा अर्ध्या मिनिटात उघड्या अंगाने बाहेर पळाले आणि म्हणाले, "फेन्या, तुझ्या माणसांना मला मारायचंच असेल तर बंदूक बरी." पुढे तेच सगळ्यात वरच्या फळीवर बसू लागले.

कलम ५. चहाचे पाणी उकळायचा समोवार, वडिलांचे बायबल, फोटो आणि लाकडी पेटी माझी मुलगी तात्याना हिला. ती एन्सेनादात शाळेत शिकवते आणि इथे छोटे संग्रहालय काढायचे तिच्या मनात आहे. काढावे. पण समोवार गेली तेहतीस वर्षे गळतो आहे, त्यात मी बटणे ठेवते आणि आम्ही कॉफी पितो, हे चिठ्ठीवर खरे लिहावे. या मृत्युपत्राची व्यवस्थापकही तात्यानाच. तिचे अक्षर चांगले आहे आणि तिला कोणी फसवू शकत नाही.

पेटीबद्दल सांगायचे आहे. एकोणीसशे पंचेचाळीस साली मी कुकोशी लग्न केले. तो आमच्याच मळ्यात छाटणीला येत असे. त्याआधी शुबिनांच्या तिमोफेइने मला मागणी घातली होती आणि सगळ्या खोऱ्याने ते ठरल्यातच जमा धरले होते. प्रार्थनासभेने मला काढून टाकले. वडिलांनी माझी पेटी फाटकाबाहेर ठेवली आणि पाठ फिरवून उभे राहिले. पेटी उघडली तर कपड्यांवर फडक्यात गुंडाळलेला पाव होता, अजून गरम. त्या पावामुळे मला त्यांच्यावर कधी नीट रागावता आले नाही. तीन वर्षे ते बोलले नाहीत. आंद्रेस झाल्यावर आले, पाळण्याशी बसले, "आंद्रेइ," म्हणाले. कुको म्हणाला, "आंद्रेस." दोघांचेही समाधान झाले.

त्यानंतर मला सभेत मागच्या बाकावर जागा मिळाली. कुकोला नाही, कारण तो कॅथलिक. दर रविवारी तो मला गाडीने घेऊन येई आणि खिडकीखाली बसून घोड्याचा साज शिवत राही. नऊ वर्षे.

एकोणीसशे सत्तावन्नमध्ये वडील गेले. तोवर निम्मी कुटुंबे सरहद्द ओलांडून लॉस एंजेलिसला गेली होती. आमच्यात घरापासून दफनभूमीपर्यंत स्तोत्रे म्हणत चालतात, मध्ये थांबायचे नसते. म्हणणारे पाचच पुरुष उरले होते. ओढ्यापाशी तिमोफेइचा आवाज मध्येच तुटला. पुढची ओळ कोणी उचलेना. मी खाली बघत चालले होते. तेवढ्यात मागून ती ओळ आली, बरोबर सुरात, शब्द थोडे वाकडे. कुको हातात टोपी धरून सगळ्यात शेवटी चालत होता. एकानेही वळून पाहिले नाही. सगळे त्याच्यामागून म्हणू लागले, आणि उरलेला रस्ता माझ्या वडिलांना त्यानेच पोचवले. जेवणाच्या वेळी तिमोफेइने स्वतः शेवयांचा वाडगा आणून त्याच्यापुढे ठेवला.

कलम ६. मधमाश्यांच्या बारा पेट्यांपैकी चार वरील तिमोफेइ कोर्नेयेविच यांना. त्यांच्या माश्या गेल्या वर्षी मेल्या. ते नको म्हणतील. पेट्या फाटकाशी ठेवून निघून यावे.

कलम ७. माझे दफन. हे कलम सगळ्यात महत्त्वाचे आहे, म्हणून नोटरीसाहेबांनी आता घड्याळाकडे पाहू नये.

कुको एकोणीसशे एक्क्याऐंशीच्या मार्चमध्ये गेला. शेवटच्या आठवड्यात त्याने एकच मागणे केले. म्हणाला, "मला तुझ्या बाबांजवळ ठेव. चर्चच्या दफनभूमीत मी कोणाला ओळखत नाही." मी तिमोफेइकडे गेले. तेव्हा सभेचे ज्येष्ठ तेच होते. त्यांनी मला बसायला सांगितले, पाणी दिले आणि नाही म्हणाले. म्हणाले, "गाणं निराळं, फेन्या. माती निराळी. आज एकाला हो म्हटलं तर उद्या मी कोणाला काय सांगू?" मी म्हटले, "उद्या सांगायला इथे कोण उरणार आहे?" त्यांनी माझा रिकामा पेला उचलून नेला. छत्तीस वर्षांपूर्वीच्या माझ्या नकाराची ते आज परतफेड करत आहेत असे मी मनात म्हटले, आणि पुष्कळ दिवस तसे मानत राहिले.

कुकोला आम्ही दफनभूमीच्या तारेच्या कुंपणाला लागून, बाहेरच्या बाजूला पुरले. वडिलांपासून पाच पावलांवर, पण मध्ये तार. मला जेवण जाईना. दुसऱ्या रविवारी सकाळी सगळे सभेत बसलेले असताना रोसारियो, जिला या घरात येऊन तीनच महिने झाले होते, पहार घेऊन दारात उभी राहिली. आंद्रेस म्हणाला की लोक काय म्हणतील. ती म्हणाली, "लोक गात बसलेत. आपल्याकडे दोन तास आहेत."

आम्ही तिघांनी अकरा खांब उपटले आणि सात पावले बाहेर, कुकोच्या कबरीपलीकडे नेऊन रोवले. तार कमी पडली, तेव्हा नवी जोडली. ती उन्हात इतकी चमकत होती की आंधळ्यालाही दिसावी. माझ्या हातांना फोड आले होते आणि त्या दिवशी मी पोटभर जेवले.

दुपारी तिमोफेइ आले. मी कबरीशी बसले होते. ते कुंपणाच्या कडेने सगळे चालून आले.

"कुंपण हललंय," ते म्हणाले.

"आपल्या खोऱ्यात जमीन हलते. तुला माहीत आहे."

"अकराच्या अकरा खांब एका रेषेत हलले?"

ते कोपऱ्यातल्या खांबाशी गेले, हाताने तो हलवून पाहिला. "हा ढिला आहे," म्हणाले. "गाय अंग घासेल आणि पडेल." दुसऱ्या दिवशी सकाळी ते दगडांची गाडी घेऊन आले आणि तो खांब पक्का ठोकून गेले. मला हाक मारली नाही. पुढच्या सभेत कोणीतरी उठून विचारलेच. मी मागच्या बाकावर होते, माझ्या कानांनी ऐकले. तिमोफेइ म्हणाले, "कुंपण जिथे होतं तिथेच आहे. बसा." ते दुसरे कधी खोटे बोलल्याचे मला माहीत नाही. माझ्या मनातला जुना हिशेब त्या दिवशी मी पुसून टाकला.

तेव्हा मला वडील आणि कुको यांच्या मधल्या जागेत ठेवावे. जागा मी मोजलेली आहे, पुरते. म्हणणारे मिळाले तर रशियनमध्ये म्हणावे, नाही तर स्पॅनिशमध्ये, आणि रोसारियोला तिच्या जपमाळेची प्रार्थना म्हणावीशी वाटली तर तिला कोणी अडवू नये. मात्र घरापासून तिथपर्यंत चालतच न्यावे, मोटारीने नाही. नंतर सगळ्यांना शेवया वाढाव्यात, मिरचीसकट.

माझ्याकडे होते ते इतकेच, आणि मला ते पुष्कळ वाटते. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही, यापुढे करण्याचा विचार नाही. मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला, दोन ठिकाणी मी दुरुस्त केला, आता बरोबर आहे.

ठिकाण: ग्वादालूपे खोरे, सदर घराचे स्वयंपाकघर
दिनांक: १२ ऑक्टोबर १९९६

लिहून ठेवणार:
फेतिनिया प्रोकोफ्येव्ना झारिकोवा, सालसेदो यांची विधवा (सही)

साक्षीदार:
१. ओफेलिया बारांका, वय ५२, किराणा दुकानदार. बाईंनी माझ्यासमोर सही केली. (सही)
२. तिमोफेइ कोर्नेयेविच शुबिन, वय ८१, शेतकरी. मजकूर ऐकला. मधमाश्या नकोत. कुंपणाबद्दल मला काही सांगायचे नाही. मधली जागा मीही मोजली आहे, पुरते. (सही, रशियन अक्षरांत)