दीर्घ आजारानंतर

कँपेर, ४ ऑक्टोबर २०१६

प्रिय गाएतान,
स. न. वि. वि.

तेवीस वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, माफ कर. वेळ मिळाला नाही असं आधी लिहिलं, मग खोडलं. खोटं होतं.

एड्सच्या चळवळीतल्या तुम्ही जुन्या कार्यकर्त्यांनी काढलेला सिनेमा पॅरिसला येऊन पाहिला. भर सभेत सगळ्यांच्या औषधाच्या गोळ्यांच्या डब्यांचे गजर एकदम वाजतात, बोलणारा थांबतो, पाण्याची बाटली हातोहात फिरते आणि भांडण थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू होतं. माझ्या भावाला, एर्वानला, स्वतःचा डबा कधी सापडायचा नाही. तू त्याला ‘आजोबा’ म्हणायचास. मी हसले, मग रडले.

पुढे तो प्रसंग. मुलाने स्वतःची निधनवार्ता लिहून ठेवलेली: ‘एड्सने वारला.’ त्याची आई ते खोडते आणि तेव्हा सगळी घरं छापत तेच लिहिते, ‘दीर्घ आजारानंतर’. माझ्या शेजारच्या माणसाने तिला शिवी हासडली.

गाएतान, ते आमच्या आईने केलं नाही. एर्वानने लिहिलेला कागद तू माझ्या हाती दिला होतास. वर्तमानपत्राच्या कचेरीत, खिडकीपाशी, मीच शब्द बदलले. विशीत होते, कॉलेजात काय म्हणतील याची भीती होती. ही कबुली आहे की सबब, मला ठरवता येत नाही. तू आईला दोष दिलास तेव्हा मी गप्प बसले.

तेरा तारखेला, गुरुवारी, सिनेमा इथे लागतो. आई एक्क्याऐंशीची आहे आणि तिला तो बघायचाच आहे. ते दृश्य काढता येईल का?

लोभ मागायचा हक्क नाही, तरी मागते.
नोलवेन


पॅरिस, ७ ऑक्टोबर

प्रिय नोलवेन,
सप्रेम नमस्कार.

आधी तुझा राग आला, मग माझा. तो प्रसंग मीच पटकथा लिहिणाऱ्यांना सांगितला होता. आता काही कापता येणार नाही.

एर्वान गेल्यावर मी तुझ्या आईला वाट्टेल ते लिहिलं होतं. तिचं उत्तर जपून ठेवलंय, तिच्याविरुद्धचा पुरावा म्हणून. उतरवून देतो: ‘कचेरीतून मजकूर पडताळायला फोन आला. बाईंनी वाचून दाखवला. मी हो म्हटलं. रागवायचं ते माझ्यावर रागवा. नोलवेनला काही विचारू नका.’

शेवटच्या वाक्याचा अर्थ मला आज लागला. दर एक नोव्हेंबरला, कबरींवर फुलं वाहायच्या दिवशी, ती एर्वानच्या कबरीवरच्या शेवंतीचा फोटो पाठवते. मी एकदाही उत्तर दिलेलं नाही.

त्या दृश्याबद्दल तिला थिएटरात, परक्या लोकांमध्ये कळू देऊ नकोस. आणि भित्रे, आता पत्रं टाकत जा.

तुझ्यावर अजून रागावलेला,
गाएतान


कँपेर, १२ ऑक्टोबर

प्रिय गाएतान,
स. न. वि. वि.

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. इतकी वर्षं आम्ही एका टेबलावर जेवलो. तिने मला वाचवलं, की तिलाही तेच शब्द सोयीचे वाटले? बघ, अर्धा दोष पुन्हा तिच्या पदरात टाकायला निघाले मी.

आज तिने केस सेट करून घेतले. एर्वानला बघायला जायचं, तर नीटनेटकं दिसायला हवं, म्हणाली. गाएतान आला तर माझ्या शेजारी बसेल का, असंही विचारलं. म्हटलं, त्यालाच विचारते. उत्तर देता येतं का, बघ.

राग असू दे, पण माया तोडू नकोस.
नोलवेन

ता. क. डायरीत लिहून ठेवलंय: उद्या तीनच्या खेळाला निघण्याआधी आईला सगळं सांगणे.