हिरव्या गिटारची मान

ता. ४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की तुझी भाची प्रेमात पडली आहे. बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातला चहा सांडला, आणि एका गिटारच्या, असं पुढे म्हटलं तेव्हा उरलेलाही सांडला.

मी जिथून तारा घेते त्या दुकानात काचेमागे एक हिरवी इलेक्ट्रिक गिटार टांगली आहे, तुमच्याच कारखान्याची. सोनेरी बटणं, आणि आवाज उचलणारे पिकअप दोनाऐवजी तीन. दुकानदार म्हणतो, नेहमीच्या मॉडेलमध्ये कारखान्यानेच फेरफार करून घडवलेला हा एकुलता एक नग, दुसरा होणे नाही. किंमत मात्र साध्या गिटारच्या दीडपट. बाबा विचारतात, वरचे पैसे कशाचे, रंगाचे?

आता खरं सांगते. माझं दुखरं डावं मनगट तुला माहीतच आहे. बोटं आखूड, गिटारची मान जाड, ताणून ताणून जीव जातो. महिनाअखेर आमच्या बँडचं रेकॉर्डिंग आहे. गाण्यातला मधला मोठा गिटारचा तुकडा तोवर न थांबता वाजवता आला तर तो माझा, नाहीतर कीबोर्डवाल्याचा, असं आमच्या म्होरक्याने तोंडावर सांगितलंय. तो तुकडा मीच बांधलाय गं. तो दुसऱ्याच्या हातून ऐकायचा म्हणजे माझ्या फार जिवावर येईल. आणि काल दुकानात त्या हिरवीवर मी तो उभ्या उभ्या दोनदा वाजवला, तरी मनगटाने हू की चू केलं नाही. तू रोज गिटारच्या माना घडवतेस, तूच सांग, घेऊ ना? हो म्हण.

मायेचं खातं तुझ्याकडेच उघडलंय, ते चालू ठेव.

तुझी,
टिचकी

ता. ९ फेब्रुवारी

चि. टिचकीस,
अनेक आशीर्वाद.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. जरा दम धर.

दुकानदार बोलतो ते निम्मं खरं आहे. नग एकुलता एक असतो, पण तो का झाला ते कुणी सांगत नाही. काही वेळा खरंच हौसेने घडवतात. काही वेळा रंगाला ओघळ आला म्हणून वर दुसरा रंग चढतो, भोक भलतीकडे पडलं म्हणून तिथे तिसरा पिकअप बसतो, आणि मग झाकली मूठ सव्वा लाखाची. अशा गिटारी वाईट नसतात हो, झकास वाजतात. पण पिकअप आणि बटणं कुठलाही बरा कारागीर बदलून देतो, त्यापायी दीडपट कशाला मोजायचे?

म्हणून एक कर. डोळे बांध, आणि हिरवी नि त्याच मॉडेलची साधी अशा दोन्ही आलटून पालटून हातात द्यायला सांग. आवाज कुठला आवडतो ते बघ. हात कुठे रमतो ते वेगळं बघ, दोन्हींची खिचडी करू नकोस. दुकानदार तयार असेल तर मानेचे स्क्रू काढून आत काही खूण आहे का तेही कळव. आणि दादाला म्हणावं, इथून पुढे चहा बशीत घेत जा.

मनगटाला शेक देत जा. तुझ्या काळजीत,
आत्या

ता. १५ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

परीक्षा झाली. डोळ्यांवर बाबांचा मफलर होता आणि बाबाही होते, मला कुणी गंडवू नये म्हणून म्हणे.

आवाजात मी सपशेल आपटले. जी जास्त गोड वाटली तिला छातीठोकपणे हिरवी म्हटलं, ती निघाली साधी. बाबा इतके खूश झाले की त्यांनी दुकानदाराशी हात मिळवला. पण आत्या, हात चुकला नाही, एकदाही चुकला नाही. मान तळव्यात आली की तार छेडायच्या आधीच मी सांगत होते. दुकानदाराने मुद्दाम मध्येच तिसरीच गिटार दिली, तर तीही मी परत केली. शेवटी बाबांनी स्वतःहून मफलर सोडला, यावरून काय ते समज.

स्क्रू काढताना दुकानदाराने एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं, पण काढले. मानेच्या बुडाशी पेन्सिलने चंद्रकोर काढली आहे, तिच्या पोटात टिंब. हे काय आहे? लवकर लिही, दिवस भराभर चाललेत आणि मला धड झोप नाही.

आशीर्वाद पाठवशील तर थोडे जास्तच पाठव.

तुझी,
टिचकी

ता. १८ फेब्रुवारी

माझ्या लाडक्या टिचकीस,
पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत उघडलं आणि मी एकटीच हसत सुटले, शेजारच्या टेबलावरच्या बाईने पाणी आणून दिलं. अगं, ती चंद्रकोर माझी आहे.

गेल्या वर्षी मशीनने एका मानेची पाठ खरवडली. ती भंगारात चालली होती. लाकूड देखणं होतं, मला बघवेना, म्हणून मी ती मागून घेतली आणि ओरखडा जाईपर्यंत तासली. मापाचा कागद नसला की आपल्याच तळव्यात बसेपर्यंत तासायचं, ही आमच्या खात्याची जुनी रीत. तशी मी माझ्या तळव्यात बसवली. साहेब म्हणाले, इतक्या आखूड बोटांचं गिऱ्हाईक आणायचं कुठून? पुढे त्या मानेचं लग्न कुठल्या हिरवीशी लागलं ते आमच्यापर्यंत पोचत नाही. आमच्या आईचा आखूड बोटांचा हात मला आला, दादाला चुकवून तुला आला, एवढंच. मला केवढा आनंद झालाय म्हणून सांगू.

आता नीट ऐक. हिरवी घेऊ नकोस. दीडपट किंमत आहे ती रंगाची, बटणांची आणि एकुलतेपणाची. तुला त्यातलं जे हवंय त्याचा कुणी भावच लावलेला नाही. दादाचं म्हणणं बरोबर निघालं, पण हे त्याला कळू देऊ नकोस, वर्षभर ऐकवील.

साधी घे आणि शनिवारी तिला घेऊन इकडे ये. साहेबांना विचारून ठेवलंय, रविवारी कारखाना बंद असतो, माझं टेबल आपल्यालाच. साध्या मानेत तासायला लाकूड भरपूर असतं. मी तासत जाईन, तू हातात घेऊन आणखी की पुरे एवढंच सांगायचं. वर तेलाचा हात फिरवू. माझ्या हाताला बसवलेल्या मानेवर तू दोनदा वाजवलंस, आता तुझ्याच हाताला बसवलेलीवर काय करशील ते मला समोर बसून ऐकायचंय. कीबोर्डवाल्याला म्हणावं, तू आपला कीबोर्ड सांभाळ.

वाटेकडे डोळे लावून,
तुझी आत्या