दोन्ही रकान्यांत एकदम केलेली सही

मी आजारी नाही. माझ्या एका चुकीचा बोल गेली बारा वर्षे चांदे गावातल्या एका सुनेला लागतो आहे, आणि यंदाच्या पितृपक्षात तो तिच्या अकरा वर्षांच्या मुलीपर्यंत पोचलेला मी डोळ्यांनी पाहिला. म्हणून हे मृत्युपत्र लिहिणे भाग पडले.

मी, कल्पना विनायक खानझोडे, वय ६८, अविवाहित, मूळची वर्ध्याची, सध्या राहणार नांदे, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, पदार्थविज्ञानाची पदवीधर, निवृत्त पेसमेकर तंत्रज्ञ, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, मला कोणी भरीस घातलेले नाही आणि हस्ताक्षर माझेच आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. नांदे येथील घर माझी पुतणी उत्कर्षा हिला द्यावे. तिने विकायचे तर खुशाल विकावे, पण समोरच्या इमारतीच्या बिल्डरला नाही. त्याने माझ्या कुंपणाचा दगड दोन फूट आत सरकवला आणि “मॅडम, पावसाळ्यात दगड आपोआप सरकतात” असे मला ऐकवले. मी पदार्थविज्ञान शिकले आहे.

२. बँकेतील ठेवीही उत्कर्षाला. तिचे वडील, म्हणजे माझा भाऊ शरदचंद्र, याला काही नाही. मला पाहायला आलेल्या मंडळींना त्याने हसत सांगितले होते, “आमची कल्पना माणसांचे सेल बदलते.” मंडळी पुन्हा आली नाहीत. राग उरलेला नाही, पण ठेवही नाही.

३. वरच्या खोलीचा भाडेकरू पियूष लहाने याला माझ्या मृत्यूनंतर सहा महिने राहू द्यावे. जिन्यात बूट काढू नयेत, हे त्याला तेव्हाही सांगावे.

४. माझी हत्यारे गौतमीला. ती माझ्या हाताखाली शिकली. आलेखावर ठोक्यांमधले अंतर मोजण्याचा कंपास, कट्‌कन वाजणारा बारीक पाना आणि गोल लोहचुंबक, एवढेच आहे. त्यासोबत एक सूचना: काम झाल्याशिवाय सही करू नकोस. मी हे तुला रोज बजावायची आणि स्वतः करायची नाही. कसे, ते पुढे लिहिले आहे.

५. माझ्या कपाटात स्टीलचा डबा आहे. त्यात काडेपेटीहून थोडे मोठे एक यंत्र आणि कागदाची एक पट्टी आहे. यंत्र कै. भिकू ढमाले, राहणार चांदे, यांच्या छातीतले आहे. साधा पेसमेकर मंद हृदयाला ठोका देतो. हे त्याच्या पुढचे. हृदय ठोका सोडून नुसते थरथरू लागले, तर आतून झटका देऊन ते ताळ्यावर आणते. २०१० साली बसवले तेव्हा भिकूभाऊ वॉर्डभर सांगत फिरले, “माज्या छातीत बाईंनी वायरमन बसवलाय. पगार न्हाई, रजा न्हाई.” त्यांच्या पत्नी लीलाबाई म्हणाल्या, “मंग आपल्या वसरीतला बलब कंदी बदलायचा, त्ये बी इचारा त्या वायरमनला.”

८ नोव्हेंबर २०१३ रोजी त्यांची हर्नियाची शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रियेत विजेची सुरी वापरतात. तिच्या प्रवाहाने यंत्र फसून नको तेव्हा झटका देऊ शकते, म्हणून झटका आधी बंद करायचा आणि नंतर चालू करायचा. हे काम माझे होते. रजिस्टरमध्ये दोन रकाने असत, ‘बंद केले’ आणि ‘चालू केले’. पुन्हा रजिस्टर शोधत फिरायला नको म्हणून मी दोन्ही रकान्यांत एकदमच सही करून मोकळी होई. बावीस वर्षे असेच केले, आणि दर वेळी नंतर जाऊन झटका चालूही केला. त्या दिवशी खालच्या मजल्यावर दुसऱ्या रुग्णासाठी बोलावणे आले. तीन तासांनी वर आले आणि रजिस्टर पाहिले. ‘चालू केले’ या रकान्यात सही होती. माझीच. मी घरी गेले.

पाचव्या दिवशी त्यांच्या सुनेचा, वैष्णवीचा, फोन आला. ती तेव्हा चोवीस वर्षांची होती आणि तिला दिवस गेलेले होते.

“मॅडम, आबांच्या छातीतनं रोज सकाळी आठला शिट्टी वाजतीय. आत्या म्हणत्यात, तुला भास हुतोय. पर मी कान लावून ऐकलंय.”

ती शिट्टी म्हणजे यंत्राची तक्रार होती, की झटका बंद आहे, कोणीतरी पाहा. सासूबाई भास म्हणत होत्या, पण सगळ्या घरात ती एकट्या वैष्णवीला ऐकू आली, आणि कळवायचे तिथेच तिने कळवले. माझ्या डोळ्यांसमोर मात्र ती सही होती.

“मोबाईल वाजत असेल,” मी म्हणाले. “पुढच्या महिन्यात तपासणी आहे, तेव्हा पाहू.”

“आबा खळ्यावर एकलंच जात्यात. मला भ्या वाटतंय.”

“मग तुझा फोन दे त्यांच्याजवळ. उजव्या खिशात. डाव्या नाही.”

१९ नोव्हेंबरला सकाळी भिकूभाऊ खळ्यावर भाताच्या पेंढ्यांशेजारी पडलेले सापडले. फोन उजव्या खिशात होता.

असे यंत्र चितेत फुटते, म्हणून आधी काढावे लागते. गावचे डॉक्टर छातीला चीर देणार होते. पण वायर तोडण्यापूर्वी झटका बंद करावा लागतो, नाहीतर तोडणाऱ्यालाच बसतो. त्यासाठी मी तपासणीचे मशिन घेऊन गेले. भिकूभाऊंच्या छातीवर मशिनची कांडी ठेवली आणि बंद करायला गेले, तर झटका आधीच बंद होता. ८ नोव्हेंबर, सकाळी ९ वाजून ४० मिनिटे. खाली मृत्यूच्या दिवसाची, १९ नोव्हेंबरची, नोंद होती. ९ वाजून ७ मिनिटे, हृदयाची थरथर ओळखली, उपचार बंद. यंत्राने आपले काम चोख केले होते. मशिनमधून या नोंदींची कागदाची पट्टी सगळ्यांसमोर बाहेर आली. मी ती फाडली आणि घडी करून पर्समध्ये ठेवली. कोणी काही विचारले नाही. बाईंचे काम बाईंना कळते, असा त्या घराचा समज होता.

मग लीलाबाईंनी विचारले, “बाई, मोबाईलनंच बंद पडलं न्हवं मशिन? तुमीच सांगितलं व्हतं, मोबाईल लांब ठिवा.”

मी म्हणाले, “असू शकते.”

वैष्णवी दारातून म्हणाली, “मॅडम, तुमीच म्हणला न्हवं का, उजव्या खिशात द्या?”

“मला आठवत नाही.”

मला आठवत होते.

६. काढलेले यंत्र मी घरी आणले. त्यानंतर ते डब्यात रोज सकाळी आठला वाजत असे. बंद करणे दोन मिनिटांचे काम होते. मी केले नाही. २०१९ च्या जानेवारीत त्याचा सेल संपला. सेल संपलेले यंत्र वाजत नाही, हे मी शेकडो रुग्णांना समजावले आहे. तरी आठला ऐकू येते. तेव्हा मी स्वयंपाकघरात असले तर कपाटातून, आणि बाहेर असले तर जवळ कोणी उभे असेल त्याच्या छातीतून. पियूषला एकदा विचारले, “आठला काही वाजते का रे?” तो म्हणाला, “काकू, माझा अलार्म असेल.” त्याचा अलार्म नऊचा आहे.

७. दर वर्षी पितृपक्षातल्या द्वितीयेला लीलाबाई मला म्हाळाला बोलावतात आणि पहिल्या पंगतीला बसवतात. “तुमच्यामुळं माज्या मालकाला तीन वरसं जादा मिळाली,” असे आल्यागेल्याला सांगतात. वैष्णवी त्या दिवशी चुलीपाशी जात नाही. पितरांच्या पानाला तिचा हात लागलेला चालत नाही. ती पायरीवर बसते आणि मी जेवते. मी बारा वेळा जेवले आहे.

या ९ सप्टेंबरला तिची मुलगी सृष्टी कावळ्याचे पान गच्चीवर न्यायला उठली. लीलाबाई म्हणाल्या, “ठिव खाली. तुज्या आईचा हात चालत न्हाई, तर तुजा कसा चालंल?” मुलीने पान खाली ठेवले आणि आपले हात फ्रॉकला पुसले. माझ्या पुढ्यात खीर होती.

८. माझ्या मृत्यूनंतर डबा आणि पाकीट वैष्णवी निरंजन ढमाले हिला द्यावे. पाकिटात कलम ५ मधील सर्व हकिकत माझ्या सहीनिशी आहे.

~~कलम ८~~ रद्द. कारण: माझी आई त्र्याण्णव वर्षे जगली. आमच्याकडे बायका लवकर जात नाहीत. मी मरायची वाट पाहत वैष्णवीने आणखी पंचवीस वर्षे पायरीवर बसावे, अशी सोय मी स्वतःसाठी करत होते. डबा मी रविवारी स्वतः नेऊन देईन. ढमाले कुटुंबाने माझ्याविरुद्ध तक्रार केली, तर माझ्या वतीने कोणी आडवे येऊ नये. उत्कर्षा, तूही नाही.

९. माझ्या छातीत कोणतेही यंत्र नाही. जाळण्यापूर्वी काही शोधू नये. तेरावा घालू नये. माझ्या नावाने कोणाला जेवायला बसवू नये.

हे सर्व मी वाचून पाहिले. खाडाखोड एकाच ठिकाणी आहे आणि ती मीच केली आहे.

कल्पना विनायक खानझोडे (सही)

आमच्यासमोर सही झाली:
१. अण्णासाहेब बलकवडे, निवृत्त मुख्याध्यापक, नांदे (सही)
२. पियूष लहाने, नोकरी, नांदे (सही)

ठिकाण: नांदे. शुक्रवार, १० ऑक्टोबर २०२५.

जोडपत्र: हस्तांतराची नोंद

रविवार, १२ ऑक्टोबर २०२५, सकाळी साडेदहा, ढमाले यांचे घर, चांदे. हजर: लीलाबाई, त्यांचा मुलगा निरंजन, सून वैष्णवी, अण्णासाहेब बलकवडे आणि मी. सृष्टीला शेजारी पाठवत होते. वैष्णवी म्हणाली, “ऱ्हाऊ द्या तिला हितंच.” ती राहिली.

कलम ५ मी मोठ्याने वाचून दाखवले. लीलाबाईंनी एकच विचारले, “आन् तुमी बारा वरसं आमच्यात जेवलाव?” मी हो म्हणाले. त्या उठून आत गेल्या. निरंजन भिंतीकडे पाहत बसला होता.

वैष्णवीने विचारले, “मी फोन केल्याला ह्यात लिवलंय का?”

“लिहिले आहे.”

“कुटं? दावा.”

दाखवले. तिने त्यावर बोट ठेवून ती ओळ दोनदा वाचली. मग सृष्टीला जवळ बोलावून तिच्याकडून मोठ्याने वाचून घेतली.

दिलेल्या वस्तू:
यंत्र, एक. मिळाले. (वैष्णवी नि. ढमाले, सही)
कागदाची पट्टी, एक. मिळाली. (सही)
माझ्या सहीची हकिकत, पाने चार. मिळाली. (सही)
माफी, तोंडी, सर्वांसमोर. दिली. पोच मिळाली नाही.