बाबा बाजारात गेलेत

पनवेल
रविवार, दुपार

प्रिय दीपेशदादा,

दमयंती मॅडम पुढच्या आठवड्यात तिकडे येतायत. तुमच्या जहाजावरच्या सगळ्यांची बाजू मांडणाऱ्या वकीलबाई त्याच. प्रत्येकाच्या घरून एक पत्र सोबत न्यायची परवानगी त्यांना मिळाली आहे. फोनवर तुझ्या बाजूला, तुम्हाला कोंडून ठेवलंय तिथला अधिकारी उभा असतो, तू "बरा आहे, जेवतो, झोपतो" एवढंच म्हणतोस आणि आम्हीही तेवढंच म्हणतो. कागदावर तरी जरा ऐसपैस बोलता येईल. केसबद्दल मात्र एक अक्षरही लिहू नका, असं मॅडमनी बजावलंय. गेल्या शनिवारी मी गव्हाणला गेले तर ओटीवर सगळे जमलेले, मी काय लिहायचं ते ठरवत होते. काकी म्हणाली, जत्रेचं लिही. तिचा हरेश म्हणाला, गावच्या टीमने कप आणला ते लिही, आणि फायनलला त्याने घेतलेला कॅच जरा वाढवून लिही. आई कोपऱ्यात लसूण सोलत होती. ती म्हणाली, "तुझ्या कॉलेजाचा लिव, खेलाचा लिव. त्याला बरा वाटंल." म्हणून तेच लिहिते.

एमएस्सीचं दुसरं वर्ष चालू आहे. तू गेलास तेव्हा मी गव्हाणहून रोज ये-जा करायचे. आता वडाळे तलावाजवळ एका काकूंकडे खोली घेतली आहे, प्राचीबरोबर. प्राची माझ्याच वर्गात आहे, पेणची. तुला आवडेल ती, कारण ती तुझ्यासारखीच मोठ्याने बोलते आणि कुणाचं ऐकत नाही. खोलीत दोन पलंग, एक टेबल आणि एक खिडकी आहे. भिंतीवर प्राचीने टाइमटेबल चिकटवलंय. अभ्यास निळ्या पेनाने, मजा हिरव्या पेनाने. सकाळी तलावाला एक फेरी, मग आंघोळ, कोपऱ्यावरच्या गाडीवर पोहे, मग कॉलेज. संध्याकाळी जिमखाना. रविवारी पिक्चर नाहीतर कपडे धुणं. तेही तिने हिरव्यानेच लिहिलंय. मला हे टाइमटेबल फार आवडतं. पुढे काय करायचं ते भिंत सांगते, आपल्याला ठरवावं लागत नाही.

लॅबमध्ये आमचा प्रोजेक्ट चालू आहे. अवधूत सर गाइड आहेत. स्वभावाने शांत, पण काचेचं काही फुटलं की दिवसभर बोलत नाहीत. माझ्या हातून या सहामाहीत काहीच फुटलेलं नाही. सर परवा माझ्याकडे बोट दाखवून सगळ्यांसमोर म्हणाले, "पूर्वीचा हात बघा किती स्थिर आहे." खरं आहे ते. सुरुवातीला मला पिपेट धरताना घाम यायचा, आठवतं? आता काहीच होत नाही. पदार्थ बनतो, गाळते, वाळवते, वजन करते, वहीत लिहिते. चुकलं तर परत करते. आधी चुकलं की रडायचे, घरी येऊन ताट सरकवायचे. बाबा म्हणायचे, "अभ्यास करतंस तर अभ्यास कर, खेलतंस तर खेल. एक करताना दुसऱ्याचा इचार केलास तर दोनी जातील." तेव्हा ते जमायचं नाही. आता सहज जमतं. एक करताना दुसऱ्याचा विचार येत नाही. पहिल्याचाही येत नाही.

आता खेळाचं. कॅरम चालू आहे दादा. ओटीवर तू मला अंगठ्याने मारायला शिकवलंस, त्याला इथे सगळे हसायचे. मग हसायचे थांबले. डिसेंबरात आंतरकॉलेज स्पर्धा होती. फायनलला समोरची मुलगी फार चांगली होती, खारघरची, पहिला बोर्ड तिने घेतला. शेवटच्या बोर्डला तिची एकच सोंगटी उरली होती. मी क्वीन घेतली, कव्हर घेतलं आणि उरलेल्या सगळ्या एकामागोमाग घालत गेले. प्राची बाकावर चढून ओरडत होती. त्या मुलीने हात मिळवला, कुणीतरी फोटो काढला. मी बेसिनपाशी जाऊन बोटांची पावडर धुतली आणि विचार करत राहिले, की आता आनंद होईल. बराच वेळ नळ चालू होता. मागून कुणीतरी म्हणालं, झालं असेल तर सरका. ट्रॉफी खिडकीत ठेवली आहे. प्राची तिच्यात केसांच्या क्लिपा ठेवते.

तो फोटो हरेशने घरच्या ग्रुपवर टाकला. त्यावर हौसाआत्या आईला फोन करून म्हणाली, "पोरीला काय वाटत नाय का गो? या दिवसांत खेलाया जाते?" आईने फोन ठेवून दिला. आत्याचं तू मनावर घेऊ नकोस. मीही घेतलं नाही.

घरचं म्हणशील तर सगळं जागच्या जागी आहे. विमानतळ सुरू झालाय. ओटीवर बसलं की विमानाचं पोट दिसतं, आणि बोलणं मध्येच थांबवावं लागतं. काकांच्या शेरूने आधी भुंकून भुंकून घसा बसवून घेतला, आता मानही वर करत नाही. दिवाळीला आम्ही कंदील लावला नाही. तू नव्हतास म्हणून. स्कूटर हरेश चालवतो, नुसती पडून राहिली की बॅटरी उतरते. शनिवारी मी बसने निघते, फाट्यावर उतरते आणि चालत घरी जाते. आई आता अगदी थोडं रांधते. परवा मी तिला विचारलं, चिंबोरीचं कालवण किती दिवसांत केलं नाहीस? म्हणाली, नांग्या फोडून द्यायला कोन हाय? मग तिनेच विषय बदलला. दमयंती मॅडमनी पत्रासोबत घरच्यांचा एक फोटो मागितला होता. आईने तू निघालास त्या दिवशीचा दिलाय, आपण चौघे दारात उभे आहोत तो. नवीन का नाही, असं मॅडमनी विचारलं नाही.

मागच्या फोनवर तू विचारलंस, "बाबा कुठायत?" आईने फोन माझ्या हातात कोंबला आणि ती आत निघून गेली. मी म्हटलं, बाजारात गेलेत. त्याच्या आधी तू विचारलंस तेव्हा ते झोपले होते, त्याच्या आधी काकांबरोबर उरणला गेले होते. तू हसलास. म्हणालास, "बाबा कधीपासून बाजारात जायला लागले? त्यांना तर गर्दीत चक्कर येते." मी पण हसले. मला वाटतं बरी हसले. मग तू म्हणालास, "त्यांना सांग, मी सुटलो की पहिले त्यांच्याबरोबर खाडीत जाणार. आणि सांग, मी सिगारेट सोडली." आणि लाइन गेली. मी फोन हातात धरून ओटीवर तशीच उभी राहिले. हरेशने विचारलं, काय म्हणाला? मी म्हटलं, सिगारेट सोडली म्हणाला. हरेश बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही.

मागच्या रविवारी प्राची मला पिक्चरला घेऊन गेली. विनोदी होता. सगळे हसत होते त्या त्या ठिकाणी मीही हसत होते. मध्यंतरात तिने पॉपकॉर्नचा डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "पूर्वी, तू एकदा रडून घे ना गं. मला भीती वाटते तुझी." मी म्हटलं, परीक्षा होऊ दे. ती माझ्याकडे बघत राहिली आणि तीच रडायला लागली. शेजारच्या बाईंनी तिला पाणी दिलं. पिक्चरचा उरलेला भाग मी नीट बघितला. शेवटी दोघांचं लग्न होतं.

दादा, मी हे पत्र याआधी दोनदा लिहिलं. दोन्ही वेळा कॅरमच्या स्पर्धेपाशी संपवलं आणि खाली सही केली. घरी सगळ्यांचं हेच ठरलं होतं. काका म्हणाले होते, "त्यो तिकरं एकटा, कोंडलेला. त्याच्या जीवाचा काय झाला तर? आला की सांगू." ते चूक म्हणाले असं मला वाटत नाही. पण तू कधी येशील ते कुणालाच माहीत नाही, आणि तू प्रत्येक फोनवर बाबांसाठी निरोप देतोस. पाय दुखतात का विचार. खाडीत एकटे जाऊ नका म्हणाव. मी सिगारेट सोडली. हे सगळे निरोप मी घेते आणि ते माझ्याजवळच राहतात. ते पोचवायला आता कुणी नाही. बाबा बाजारात गेलेले नाहीत, दादा. बाबा गेले. नवरात्र संपल्यावर, दिवाळीच्या आधी.

दुपारची वेळ होती. मी लॅबमध्ये होते, कॉलम लावलेला. काचेची लांब नळी असते, तिच्यात वरून थेंब थेंब द्रव सोडत राहावं लागतं, मध्ये कोरडी पडली की सगळं वाया. हरेश दारात आला. तो नुसता उभा राहिला आणि मला कळलं. मी प्राचीला म्हटलं, हे कोरडं पडू देऊ नकोस. मग अ‍ॅप्रन काढून त्याची घडी घातली, हात धुतले, पर्स घेतली. स्कूटरवर मी हरेशला विचारलं, पेट्रोल आहे ना? बाबा जेवून आतल्या खोलीत पडले होते. आई चहा घेऊन उठवायला गेली. एवढंच. डॉक्टर म्हणाले, हृदय झोपेतच थांबलं. चेहरा नेहमीसारखा होता, तोंड थोडं उघडं. घोरताना असायचं तसं.

अग्नी कोण देणार, यावर अंगणात कुजबुज सुरू झाली. हरेश पुढे झाला होता, धोतर नेसून तयार. आई घरातून उठून बाहेर आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "पोरगा नाय तर पोरगी हाय. ती देल." हरेशने स्वतः माझ्या खांद्यावर मडकं ठेवलं आणि माझ्या मागे मागे चालत राहिला, मी पडेन म्हणून. मी पडले नाही. हात अजिबात कापला नाही. खाडीवरून वारा येत होता, दोनदा विझलं, तिसऱ्यांदा धरलं. ते तुझं काम होतं दादा. तुझ्या जागी मी उभी होते, आणि उभं राहताना मनात एवढंच होतं की तुला माहीत नाही. त्या वेळी तू तिकडे जेवत असशील, नाहीतर तुमच्या जहाजावरच्या कुंदनबरोबर पत्ते खेळत असशील, आणि तुझे बाबा अजून जिवंत असतील. तुझ्याकडे ते आजही जिवंत आहेत. मी तुझ्याकडून त्यांना नेते आहे, हे मला कळतं.

आज सकाळी गव्हाणहून निघताना मी आईला सांगितलं, मी दादाला लिहिणार आहे. ती भाकरी थापत होती. थापत राहिली. मला वाटलं, ऐकलंच नाही. मग तव्यावर भाकरी टाकून म्हणाली, "लिव. पन त्याला सांग, झोपंत गेलं. तरास नाय झाला. आनि मी जेवते म्हनून सांग." ती जेवते, दादा. थोडं, पण जेवते. दमयंती मॅडमना मी कालच सगळं सांगितलंय. कुंदन तुझ्याजवळ असेल तेव्हाच त्या हे पत्र तुझ्या हातात देतील, आणि तू वाचून होईपर्यंत थांबतील. उरणला कुंदनच्या आईला मी विचारलं, तिनेही कुंदनच्या पत्रात तुला सांभाळायला लिहिलंय. तू बाबांना भेटला नाहीस, पोचवायला नव्हतास, आणि आता भिंतींच्या आत बसून हे वाचतोयस. तुला धीर द्यावा असं काही मला सुचत नाही. मी हे लिहिलं, कारण त्यांची मुलं आपण दोघंच आहोत आणि आतापर्यंत ते माझ्या एकटीचेच गेलेत. सगळे म्हणतात, पोरगी खंबीर आहे. मी खंबीर नाही रे, मला नुसतं काही होत नाही. तू तिथे मोकळेपणाने रड, कोण बघतंय याचा विचार करू नकोस. मला अजून जमलेलं नाही. आपल्या दोघांपैकी कुणीतरी सुरुवात करायला हवी.

तुझीच,
पूर्वी