आईच्या रिळावरचं कुंकू

२ सप्टें.
धारहून परत आले, देवासला. रीळ आणलं. डोकं अजून तापलेलंच आहे. काकांनी काढलेली जुनी घरगुती फिल्म, हलती-चालती आई एवढ्यातच. मी तीन वर्षांची असताना ती गेली. ती चालायची कशी, तेही मला ठाऊक नाही. आणि काकू दर खंडेनवमीला या रिळाला हळदकुंकू लावतात! ओल्या बोटानं. झाकण हरवल्यापासून थेट फिल्मवर.
म्हटलं, "काकू, हे काय करून ठेवलंत?"
"तलवारी केव्हाच गेल्या, कॅमेरा ह्यांनी विकला. नवमीला पुजायचं तरी काय मग?"
चहा न घेताच निघाले.

५ सप्टें.
रीळ स्टुडिओत दिलं. बाहेरचे वेढे कुंकवानं एकमेकांना चिकटलेले. सोडवताना वरचा थर थोडा निघालाच. मी तिथंच उभी, दातओठ खात. आई नेमकी सुरुवातीला, म्हणजे त्याच वेढ्यांत.
स्टुडिओवाला म्हणे, "आंटीजी, टेंशन मत लो. जितना लाल है, सॉफ्टवेअर सब साफ कर देगा."
कर बाबा.

१५ सप्टें.
अविधवा नवमी. आई सवाष्ण गेली, तिचा हा दिवस. म्हणून फिल्म मुद्दाम आजच बघितली.
आई पायऱ्या उतरते, काकांना हातानं 'नको, नको' करते. डावा पाय जरा बाहेर टाकते. मीही तसाच टाकते. रडू आलं. डाग एकही नाही.
आणि कपाळही कोरं. लाल डागांबरोबर त्या शहाण्यानं आईचं कुंकूही पुसलं. आजच्या दिवशी!
दुकानात जाऊन नाही नाही ते बोलले. तो म्हणतो, "लेकिन फेस तो क्लिअर आया ना?"

१६ सप्टें.
आता म्हणतो, दुसऱ्या फोटोतली टिकली चिकटवून देतो. कुणाची तरी टिकली माझ्या आईला! नको म्हटलं. न पुसलेलीच प्रत आणली.
ओरखडे, हळदीचे ओघळ. मधेच काकूंच्या बोटाच्या रेषा पडदाभर. त्या सरकल्या की क्षणभर आई दिसते, कुंकवासकट. परत परत तेवढंच बघत बसले. काकूंवरचा राग आहे तो आहेच. ओली बोटं नसती तर सगळीच दिसली असती.

२४ सप्टें.
काकूंचा फोन. "रीळ कब ला रही है? खंडेनवमी आठवड्यावर आली."
मी तोडूनच बोलले. झाकणाचा डबा घेतलाय, लावायचं तर डब्याला लावा.
मग काकू म्हणाल्या, "तलवारींचं मी आपलं उगाच म्हटलं गं. मी तिला लावत होत्ये. सवाष्ण बाई, वर्षाच्या सणाला कोरी कशी ठेवू? तुझ्या बाबांनी तर नवी बायको आणली."
फोन ठेवला आणि उगाचच भांडी आपटली. इतकी वर्षं हे मला एकानंही सांगितलं नाही.
डबा चांगला आहे, झाकण घट्ट बसतं. रीळ अजून टेबलावरच, डब्याबाहेर.