काळ्या खिडकीची दोन टोकं

१० नोव्हें., सोम.
रुचिचा इंटरव्ह्यू शुक्रवारी सकाळी अकराला. घरूनच, लॅपटॉपवर. हा तिसरा. आधीच्या दोन्ही वेळी सगळं येत होतं, पण सांगताना अडली. जबलपूरहून शिकून आल्यापासून पोरगी नीट जेवत नाही. सून म्हणते, मामाजी, तुमच्या टेन्शनचंच तिले टेन्शन येते. असेल. पण शुक्रवारी लाइट गेली तर? लाइनमनच्या घरी जाऊन विचारून आलो. हसला तो.
संध्याकाळी रुचि म्हणाली, "आबाजी, उद्यापासून तुमच्यावर प्रॅक्टिस. तुम्हाले समजलं तं कोणालेबी समजन."
सातवीपर्यंत शिकलेला माणूस मी. आजोबा असलो म्हणून काय झालं.

११ नोव्हें., मंगळ.
विषय: सूडो टर्मिनल. तिनं काळी खिडकी उघडली, आत पांढरी अक्षरं. जे कळलं ते लिहून ठेवतो. पूर्वी कॉम्प्युटरला तारेनं टाइपरायटरसारखं मशीन जोडत. आमच्या तारघरात होतं तसंच, टेलिप्रिंटर. आता मशीन गेलं, पण आतले प्रोग्राम अजून समोर मशीनच शोधतात. म्हणून कॉम्प्युटर एक खोटं मशीन उभं करतो. त्याला दोन टोकं. एक या खिडकीच्या हातात, दुसरं आतल्या प्रोग्रामच्या. एकात टाकलं की दुसऱ्यातून निघतं. आतल्याला वाटतं, समोर खरंच मशीन आहे.
इथवर ठीक. मग दोन टोकांच्या मधे काय असतं ते सांगू लागली. सगळे इंग्रजी शब्द, अन् घाई. कपाळावर घाम. मी हौ हौ म्हणत गेलो. शेवटी विचारलं, समजलं? म्हणालो, "समजलं ना माय. एकदम साफ."
केवढी खूश झाली. रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.
मला काही समजलं नव्हतं.

१२ नोव्हें., बुध.
तिनं आईला सांगितलं, वो वाला हो गया, आबाजी को भी समझ आ गया. त्या भागाची वही मिटून ठेवली. आता दुसरे विषय धरले आहेत.
शुक्रवारी नेमकं तेच विचारलं तर?
दुपारी डोळा लागला नाही. खैरलांजीची ती बाई आठवत राहिली. तीस वर्षं तारा वाटल्या, वाचता न येणाऱ्यांना वाचूनही दाखवल्या. तिच्या तारेत भाऊ सिरियस आहे, लवकर ये असं होतं. तिचा चेहरा पाहून मी सिरियस हा शब्द गाळला. बिमार आहे, एवढंच वाचलं. तिनं दुपारची बस सोडली, दुसऱ्या दिवशी गेली. उशीर झाला होता.
हे मी कोणाला सांगितलेलं नाही.
बी.पी.ची गोळी दोनदा घेतली की काय.

१३ नोव्हें., गुरु.
सकाळी चहाच्या वेळी सांगून टाकलं. "बाई, परवा मले समजलं नव्हतं."
"मंग हौ काहून म्हटलं?"
"तू खूश झालती."
कप तसाच ठेवून उठली. जाता जाता म्हणाली, पेपर न पाहताच पास करून टाकलं तुम्ही मले. खोलीचं दार लावलं. सून माझ्याकडे पाहत राहिली. आज नको होतं सांगायला, उद्या तर इंटरव्ह्यू. पण उद्यानंतर सांगून काय उपयोग होता?
अर्ध्या तासानं बाहेर आली. कुठपर्यंत समजलं होतं, विचारलं. म्हणालो, दोन टोकांपर्यंत. मधे सगळा अंधार. मग विचारलं, तुमच्या तारघरात मधे कोण राहे?
काउंटरवरचा बाबू, म्हणालो. माणूस मजकूर सांगे, बाबू फॉर्मवर लिही. लिहिलेला प्रत्येक शब्द मोठ्यानं परत म्हणे, म्हणजे माणसाला कळे की बरोबर ऐकलं. हे नको, ते काटा म्हटलं की बाबू तो शब्द खोडून टाकी. पाठवा म्हटल्याशिवाय आतल्या मशीनवाल्याकडे एक अक्षर जात नसे. अन् आत काम सुरू असताना कोणी थांबवा म्हटलं, तर बाबू थांबवा हा शब्द लिहीत बसत नसे. उठून आत जाई अन् मशीन थांबवी.
रुचि माझ्याकडे पाहतच राहिली. "आबाजी, हेच तं हाय. मधे बाबूच बसते."
मग तिनं पुन्हा सांगितलं, सावकाश. आपण दाबलेलं अक्षर सरळ पडद्यावर येत नाही. मधला बाबू ते परत म्हणतो, म्हणून दिसतं. चुकलं तर बाबूच खोडतो, आतल्याला पत्ता नसतो. एंटर दाबलं की ओळ आत जाते. कंट्रोल अन् सी दाबलं म्हणजे थांबवा. पासवर्डच्या वेळी बाबूला गप्प राहायला सांगतात. मला टाइप करायला लावलं. अक्षर काही दिसेना, मी घाबरून तेच बटण चार वेळा दाबलं.
"पोचलं ना, आबाजी. दिसत नाही तरी पोचते."
तिच्या कपाळावर घाम नव्हता.

१४ नोव्हें., शुक्र.
लाइट गेली नाही. सुनेनं कुकर लावला नाही, शिटी नको म्हणून. मी फाटकाशी खुर्ची टाकून बसलो. भाजीवाल्याला हात दाखवूनच पुढे पाठवलं. पाऊण तास.
बाहेर आली. तेच विचारलं म्हणे. सगळं सांगितलं, कुठे अडली नाही. बाबूचं नाव घेतलं का, विचारलं. "नाव नाही घेतलं. पण डोक्यात तोच बसलेला होता."
मग त्यांनी विचारलं, खिडकी लहानमोठी केली तर आतल्या प्रोग्रामला कसं कळतं? ते तिला येत नव्हतं.
"मंग?"
"नहीं आता, म्हटलं. सीधा."
आधीच्या दोन वेळी काहीतरी जुळवून बोलत राहिली होती म्हणे. आज नाही. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं, आठवडाभरात कळवू म्हणाले.
हे सरळ सांगून टाकणं तिनं काल माझ्याकडून उचललं असेल तर? थोडं जुळवून बोलली असती तर…

१६ नोव्हें., रवि.
काही निरोप नाही.
रुचिनं त्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच शोधून काढलं. मला समोर बसवलं. नोकरी भेटो न भेटो, हे मले आलं पाहिजे, म्हणाली. खिडकीवाला नवी लांबी-रुंदी बाबूला कळवतो. बाबू ती नोंदवून ठेवतो अन् आतल्याला हटकतो, माप बदललं म्हणून. आतला ते माप विचारून घेतो अन् सगळं नव्यानं मांडतो.
हे तारघरात बसवून पाहिलं. बसेना. आमच्या मशीनचा कागद कधी लहानमोठा झालाच नाही. इथे माझ्याजवळ ताडून पाहायला काही नाही.
ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. "समजलं?"
"नाही," म्हणालो.
खुर्ची जवळ ओढली. माझा हात माउसवर ठेवला, वर आपला ठेवला. हा कोपरा धरा अन् ओढा, म्हणाली. ओढला. आतल्या ओळी सरकल्या, नव्या जागेत बसल्या.
"आता?"
"अजून नाही."
"बरं. पुन्हा ओढा."