ऐंशी किलो पेलणारा रॅम्प

सोमवार, १८ नोव्हेंबर

प्रिय मास्तर,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझ्या वहिनीची टाच आता टेकते. वर्कशॉपात दोन शटरं आणि एका गोदामाची माल-लिफ्ट एकदम आली आहे, म्हणजे ओरडायला माणसं आहेत आणि माझा घसा शाबूत आहे.

परवा रोबो-स्पर्धेच्या हॉलमध्ये तू हसत विचारलंस, "दादा, रॅम्पला लागलं तरी काय काय?" तेव्हा उत्तर दिलं नाही, आता देतो. अ‍ॅल्युमिनियमचे दोन पत्रे, गोदामवाल्याच्या मालातून काढलेले. तुझ्या वहिनीचं इस्त्रीचं टेबल, कारण तसल्या बिजागऱ्या बाजारात मिळेनात. माझ्या अंगठ्याचं नख. सहामाहीनंतरचे सगळे रविवार. आणि एक धाकटा भाऊ. हे शेवटचं सामान मी मागवलं नव्हतं, ते आपोआप खर्ची पडलं.

रागाने लिहितोय असं समजू नकोस. रागावलो असतो तर फोन केला असता. फोनवर मला जास्त चांगलं ओरडता येतं.

तुझा निरोप पोचला. तुमची शाळा जिंकली, पुढच्या फेरीला जोडीदार तुम्हीच निवडायचा, आणि तुम्ही तुझ्या पुतणीचा, आमच्या मुंगीचा संघ निवडताय. अट एकच, रॅम्प काढून या. सल्लागार म्हणून माझी सही लागते, म्हणून विचारलंस. नाहीतर विचारलं नसतंस, हे माझं मत. उत्तर देतोच. आधी जरा बोलू दे.

तुला नियम पाठ आहेत. मला ते कसे समजले ते ऐक. प्रत्येक शाळेचा एक रोबो. सुरुवातीला तो स्पर्धेच्या ठरल्या मापाच्या चौकोनी खोक्यात मावला पाहिजे, मग काय पसरायचं ते पसरू दे. दोन शाळांची जोडी लागते. शेवटच्या अर्ध्या मिनिटात जोडीदाराच्या रोबोला जमिनीवरून जो वर घेईल त्याला घसघशीत गुण. रॅम्प टाकून त्याला चढू द्या, नाहीतर लिफ्ट करून उचला, मर्जी तुमची.

मुलांनी मला विचारलं. मी म्हटलं, रॅम्प! लिफ्टवर पोट भरणारा माणूस लिफ्ट नको म्हणतोय, यातच काय ते समजा. लिफ्टला दोरी असते आणि दोरीला लहर असते. रॅम्प म्हणजे काय, जमीनच, जरा तिरकी.

आणि काय रॅम्प झाला रे! घडी घातली की खोक्यात गप्प, सोडला की दोन बाजूंना पंख. मी स्वतः त्यावर उभा राहिलो, बुटांसकट ऐंशी किलो. पत्र्याने हूं की चूं केलं नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. वजन टाकून पाहिल्याशिवाय माल दाराबाहेर जाऊ द्यायचा नाही, हा आपल्या धंद्याचा शिरस्ता.

आमच्या सामन्यांचं राहू दे. तुमच्या टेबलाचं बोलू.

हॉलमध्ये गलका एवढा की शेजारचा माणूस शिंकला तरी कळू नये. पण माझे कान तुला माहीत आहेत. लहानपणी तू स्वयंपाकघरात डबा उघडलास की मला गच्चीवर कळायचं. त्या गलक्यात मला ऐकू आलं, कट्, कट्, कट्, आणि चौथा जरा बसका. पुन्हा तीन खणखणीत, चौथा बसका. ती दातेरी चकती माझ्या वर्कशॉपातली. उचललेलं वजन खाली घसरू नये म्हणून लावतात ती. जुन्या हातलिफ्टमधून निघाली होती, दर चौथा दात झिजलेला.

मी तुमच्या टेबलाशी आलो. तुमचा रोबो एक चपटी पाटी जमिनीला टेकवून बसला होता. समोरचा रोबो त्यावर आला, दोरी गुंडाळली गेली, आणि पाटी त्याला घेऊन वर. सुरेख! हे मी तेव्हाही म्हणालो असतो, पण आधी चकतीचं विचारायचं होतं.

"काय रे लंबू," तुझ्या लेकाला विचारलं, "ही चकती कुठली?"

"काका, ते... नियमात बसतं."

"मी नियम विचारला का? चकती विचारली."

तू मध्ये पडलास. "दादा, आता सामना आहे. मग बोलू."

तुझं "मग" मला ठाऊक आहे. आपल्या सायकलचं चाक वाकवलंस तेव्हाही "मग सांगतो" म्हणाला होतास. अजून वाट बघतोय.

म्हणून मी तपासनीस बाईंकडे गेलो. हो, भावाविरुद्ध तक्रार घेऊन गेलो. गळ्यात टेप अडकवलेल्या, बारीक चणीच्या. म्हटलं, "बाई, त्यातला भाग माझ्या दुकानातला आहे, आणि युक्तीही माझ्या घरातूनच गेली असणार."

त्या शांतपणे म्हणाल्या, "सुटा भाग चालतो. युक्ती कुणी आपणहून सांगितली असेल तर तीही चालते, उलट आम्हाला ते आवडतं. चोरली आहे का?"

"तेच तर विचारायला आलोय."

इथपर्यंत लिहिलं आणि उठून चहा करून प्यायलो. पुढचं तुला माहीत आहे, तू दहा पावलांवर उभा होतास. तरी माझ्या हाताने एकदा लिहितो.

मागून मुंगी म्हणाली, "चोरली नाही. मी दिली."

बाई टेप गुंडाळायला लागल्या. गुंडाळलेलीच होती.

"बाबा, मी तुम्हाला तीनदा दाखवलं होतं. पुठ्ठ्याचं केलं होतं, दोरा आणि रीळ लावून. तुम्ही त्याच्यावर चहाचा कप ठेवलात."

ठेवला असेन. टेबलावर काही चपटं दिसलं तर माणूस कप ठेवतोच. पण मास्तर, पोरीचं मी पोरीशी बघेन. ती पंधरा वर्षांची आहे, तिला तिची वस्तू चालताना बघायची होती. तू पंचेचाळीसचा आहेस.

दर गुरुवारी गणिताला म्हणून तिला तुझ्या दारात मीच स्कूटरवरून सोडत होतो. तू दार उघडायचास, "ये दादा, टेक जरा" म्हणायचास. टेबलावर चादर टाकलेली असायची. एकदा विचारलं, हे काय रे? तू म्हणालास, "शाळेचं काहीतरी." खोटं नाही बोललास. नियमात बसतं. घरी येताना मी मुंगीला विचारायचो, आज काय झालं? ती म्हणायची, "कोन." तेही खरंच असणार.

चकती मागितली असतीस तर झिजलेली दिली नसती, नवी दिली असती. ते मला खुपतंय. "दादा, तुझ्या पोरीच्या डोक्यात लिफ्ट आहे, तू ऐकत नाहीस, मी करून बघतो," एवढं एक वाक्य होतं. मी आरडाओरडा केला असता, मान्य. पण मग माझ्या कानाला ते तुझ्या तोंडून कळलं असतं, त्या चौथ्या दाताकडून नाही.

आता उत्तर. सही केली आहे, सोबत जोडतो. रॅम्प काल दुपारी मीच उतरवला. मुंगी पान्हा घेऊन आली, तिला म्हटलं, राहू दे. संघ येईल, मुंगी येईल. मी येणार नाही. गुरुवारी तिला तिची आई सोडेल. लंबूला सांग, दोरीला मेण लाव आणि ती चकती बदल, नवी मुंगीबरोबर पाठवतो.

एक विनंती. तुझ्या वहिनीने विचारलं, तेव्हा मी सांगून बसलोय की रॅम्पचं फार कौतुक झालं. तिने मुंगीलाही विचारलं. मुंगीने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मजबूत होता." तेव्हा तूही काही बोलू नकोस. खोकं लहान, म्हणून रॅम्प आखूड. आखूड, म्हणून चढ उभा. जो तो रोबो आला, त्याचं पोट कडेवर अडकलं आणि तो मागे गेला. दिवसभरात त्यावर एकही रोबो चढला नाही.

तुझा,
दादा